आधी हुंगून बघा

जुनी फौजी रायफल विकत घ्यायला आलेला अमेरिकन माणूस ती आधी हुंगतो. नेम धरून बघणं, बोल्ट खटखटवणं, किंमत ऐकून कपाळाला हात लावणं हे सगळं नंतर. लाकडाला सत्तर वर्षांच्या ग्रीसचा वास येतोय की गेल्या रविवारी फासलेल्या पॉलिशचा, यावर पुढचे दोनशे डॉलर ठरतात. हुंगून झालं की तो डोळे मिटतो, मान हलवतो आणि रायफल परत टेबलावर ठेवतो. विकणारा मख्ख चेहऱ्याने दुसरीकडे बघत असतो. अत्तराच्या दुकानातही इतक्या गांभीर्याने कुणी नाकाचा वापर करताना मी पाहिलेलं नाही.

माझा भाचा ओहायोत असतो. अमेरिकन नागरिकत्व मिळाल्यावर त्याने दोन गोष्टी केल्या. मतदारयादीत नाव नोंदवलं आणि १९४३ सालची एक रशियन रायफल घेतली. मतदानाचा उत्साह पुढे ओसरला, रायफलींची मात्र तळघरात रांग लागली. मी त्याच्याकडे राहायला गेलो तेव्हा नायगारा वगैरे दाखवून झाल्यावर तो म्हणाला, "मामा, तुला खरी अमेरिका दाखवतो," आणि मला काउंटीच्या जत्रेच्या मैदानावरच्या एका पत्र्याच्या हॉलमध्ये घेऊन गेला. दारावर पाटी होती : भरलेलं शस्त्र आत आणू नये. आत शेकडो टेबलं, त्यावर हजारो बंदुका आणि मध्येच मांसाच्या वाळवलेल्या पट्ट्या विकणारा एक माणूस. बंदुकांच्या बाजारात हा माणूस का असतो हे मला कुणी सांगू शकलं नाही, पण सर्वांत जास्त गर्दी त्याच्याचकडे होती.

पाहुण्यांच्या व्हिसावर आलेल्या परदेशी माणसाला बंदूक घ्यायला तिथल्या कायद्याची मनाई आहे. शिकारीचा परवाना वगैरे थोडे अपवाद आहेत, पण माझी शिकार घरातल्या झुरळांपलीकडे गेलेली नाही. त्यामुळे त्या हॉलमध्ये खिसा सुरक्षित असलेला मी बहुधा एकटाच. अशा माणसाला फार स्वच्छ दिसतं.

पहिली गोष्ट दिसली ती ही, की टेबलामागचा प्रत्येक जण इतिहासाचा प्राध्यापक असतो आणि टेबलापुढचा प्रत्येक जण परीक्षक. "ही स्टालिनग्राडला होती," प्राध्यापक सांगतात. पुरावा काय, तर ती १९४२ साली बनली. त्या न्यायाने मीही गवालिया टँकवरच्या 'चले जाव' च्या सभेत होतो म्हणायला हरकत नाही. कुठे "आजोबांनी जर्मनीहून आणली" असं सांगतात. आजोबांचं नाव विचारलं तर "विकणाऱ्याचे आजोबा" असं उत्तर येतं. फ्रेंच रायफल टेबलावर असली की "कधी झाडलेली नाही, एकदाच खाली टाकलेली आहे" हा विनोद तासातासाला ऐकू येतो आणि दर वेळी सांगणारा स्वतःच आधी हसतो. १९१६ साली व्हर्दंला दहा महिने फ्रेंच कसे टिकून राहिले, हे त्याला कुणीतरी सांगायला हवं. पण तिथे खरेदी चाललेली असते, कोण कशाला सांगेल?

आमच्याकडच्या बैलबाजारात उभ्या राहिलेल्या माणसाला हे सगळं ओळखीचं वाटेल. हेडी बैलाच्या शिंगांना तेल लावतो, रंग देतो, झूल घालतो, वशिंडावर थाप मारून वंशावळ सांगतो. जाणता शेतकरी यातलं काहीच ऐकत नाही. तो बैलाचा जबडा उघडतो, दुदाती की चौसा ते बघतो, मग दहा पावलं चालवून खूर कसा पडतो ते बघतो. नवखा मात्र रंगवलेल्या शिंगांवर भाळतो. रायफलीचं लाकूड म्हणजे ही शिंगं. आणि जबडा म्हणजे नळी.

भाच्याने मला नळी बघायला शिकवलं. आधी बोल्ट मागे ओढून आत काडतूस नाही याची डोळ्यांनी आणि बोटाने खात्री करायची. विकणाऱ्याने शपथ घेतलेली असली तरी करायची, आणि त्याने शपथ घेतली असेल तर दोनदा. मग बोल्ट काढून घ्यायचा, मागच्या बाजूला पांढरा कागद किंवा छोटी बॅटरी धरायची आणि तोंडाकडून आत बघायचं. आतल्या भिंतीवर पिळासारखे चर कोरलेले असतात. गोळीला फिरकी तेच देतात आणि ती सरळ जाते ती त्यांच्यामुळे. ते चर काठांशी धारदार आणि भिंत आरशासारखी असेल तर दुधात साखर. भिंत धुरकट पण चर ठसठशीत, तरी चालतं. पुष्कळ काळवंडलेल्या नळ्या झकास मारतात. भिंतीवर खड्डे असतील तर पाकीट खिशातच ठेवायचं. विकणारा अशा वेळी म्हणतो, "साफ केली की चकाकेल." भाचा मला मराठीत म्हणाला, "मामा, मळ साफ होतो. खड्डे कसे साफ होतील?"

हे खड्डे पडतात ते बहुतेक वेळा युद्धामुळे नाही, आळसामुळे. जुन्या काडतुसांच्या टोपीत पोटॅशियम क्लोरेट असायचं. ते जळलं की मागे पोटॅशियम क्लोराइड उरतं, म्हणजे मिठाचंच भावंड. मीठ हवेतला ओलावा खेचतं आणि पोलाद गंजतं. उपाय एकदम साधा : गोळ्या झाडून झाल्या की नळीतून गरम पाणी सोडायचं, कोरडी करायची, तेल लावायचं. मीठ पाण्यात विरघळतं, संपलं. पण पाण्यासारख्या फुकट गोष्टीवर अमेरिकन माणसाचा विश्वास बसत नाही. काच पुसायच्या निळ्या फवाऱ्यातला अमोनिया मिठाला मारतो, अशी तिथे एक जुनी समजूत आहे. त्या फवाऱ्यात काम करतं ते त्यातलं पाणीच, हे सांगणाऱ्या एका गृहस्थाशी दुसऱ्या गृहस्थाचं त्याच हॉलमध्ये कडाक्याचं भांडण चाललं होतं. दोघांच्याही हातात रायफली होत्या. भरलेलं शस्त्र आत आणू नये, या पाटीचं मला तेव्हा फार कौतुक वाटलं.

नळीचं तोंड झिजलंय का, हे बघायची एक गावठी रीत आहे. काडतूस उलटं धरून गोळीचं टोक नळीच्या तोंडात घालायचं. गोळीचा बराच भाग बाहेर राहिला तर ठीक. तोंडाने ती थेट पुंगळीच्या काठापर्यंत गिळली तर नळीचं वय झालं. आणि हे वय बहुतेकदा गोळ्यांनी झालेलं नसतं, शिपायांनी तोंडाकडून लोखंडी गज घालून केलेल्या सफाईने झालेलं असतं. सुभेदार मेजर साहेबांच्या भीतीने घासून घासून नळ्यांची तोंडं रुंदावली. जगातल्या सगळ्या फौजांत शत्रूपेक्षा परेडची तपासणी जास्त वेळा येते, त्याचा हा परिणाम.

रशियनांनी यावर तोड काढली. नळीचं झिजलेलं तोंड थोडं आतपर्यंत मोठ्या छिद्राचं करून टाकलं, म्हणजे चर तिथून पुढे ताजेतवाने सुरू होतात आणि रायफल पुन्हा नीट मारते. काम पक्कं आणि स्वस्त. पण काडतूस उलटं घालून बघणारा बिचारा फसतो. त्याला भलंमोठं भोक दिसतं आणि तो रडवेला होतो. उलट नवखा ते भोक बघून "कॅलिबर मोठं आहे वाटतं," असं कौतुकाने म्हणतो. त्या दिवशी असं कोण म्हणालं हे सांगायची गरज नाही. भाच्याने ते ऐकलं नाही असं दाखवलं, एवढं पुरे.

खरा धोका मात्र डोळ्यांना दिसत नाही. बोल्ट बंद केल्यावर त्याचा चेहरा आणि काडतुसाचं बूड यांच्यात फट किती राहते, यावर बरंच अवलंबून असतं. फट वाढली तर पुंगळी आत फाटू शकते आणि तापलेला वायू झाडणाऱ्याच्या तोंडाकडे येऊ शकतो. हे मोजायला पोलादी गुटक्या मिळतात. एकीवर बोल्ट बंद झालाच पाहिजे, दुसरीवर होता कामा नये आणि तिसरीवरही झाला तर ती रायफल भिंतीवर टांगायची. भाच्याच्या खिशात चाव्यांच्या जुडग्याबरोबर या गुटक्या असतात. घराची किल्ली तो विसरतो, गुटक्या विसरत नाही.

आणि काही दोष असे, की ते रायफलीच्या नंबरावरच लिहिलेले असतात. अमेरिकन फौजेची १९०३ ची स्प्रिंगफील्ड रायफल घ्या. देखणी, नेमकी, जाणकारांची लाडकी. पण पहिल्या महायुद्धाच्या काळात काही रायफलींचे रिसीव्हर, म्हणजे बोल्ट ज्यात बसतो ती पोलादी घरं, चक्क फुटले. चौकशीत निघालं ते असं : भट्टीत पोलाद किती तापलं, हे अनुभवी कारागीर त्याच्या रंगावरून नजरेने ठरवायचे. पण ढगाळ दिवशी जो लाल रंग भडक दिसतो तो लख्ख उन्हात फिका दिसतो. त्यामुळे ऊन पडलं की कारागीर पोलाद जास्त तापवायचे आणि ते ठिसूळ व्हायचं. उष्णतामापक आणून बघितलं तर ऊन आणि ढग यांत तीनशे अंश फॅरनहाइटपर्यंत फरक निघाला. तेव्हापासून स्प्रिंगफील्ड कारखान्याच्या ८,००,००० च्या आतल्या आणि रॉक आयलंडच्या २,८५,५०७ च्या आतल्या नंबरांच्या रायफली शहाणे लोक झाडत नाहीत, नुसत्या बघतात. अनुभवी माणसाच्या नजरेवर माझा पूर्वी फार विश्वास होता. आता मी आधी आकाशाकडे बघतो.

इतकं सगळं तपासल्यावर किंमत नळीवर ठरत असेल, असं कुणालाही वाटेल. नाही. किंमत नंबरांवर ठरते. रिसीव्हरवर, बोल्टवर, दस्त्याच्या पत्र्यावर, मॅगझिनच्या तळावर एकच नंबर असला पाहिजे. फौजेच्या दुरुस्तीखान्यात पाचशे रायफली एकदम मोकळ्या केल्या जायच्या आणि हाताला येतील त्या भागांनी पुन्हा जोडल्या जायच्या. तिथे कुणाचा बोल्ट कुणाला लागला याची चिंता कोण करणार? रशियनांनी निदान प्रामाणिकपणे जुन्या नंबरावर रेघ मारून नवा ठोकला. संग्राहकाला अशी रेघ सहन होत नाही. धड मारणारी पण रेघ असलेली रायफल एका टेबलावर पडून होती आणि शेजारी खड्डेदार नळीची पण सगळे नंबर जुळणारी दुप्पट भावाने गेली. घेणाऱ्याने नळीत डोकावूनही बघितलं नाही.

त्यातही ही रशियन मोसिन-नागां एके काळी गरिबांची रायफल होती. १८९१ पासून साधारण तीन कोटी सत्तर लाख बनल्या. युद्धानंतर सोव्हिएत गोदामांत दुरुस्त करून, लाकडाला लालसर शेलॅक फासून, घट्ट तपकिरी ग्रीसमध्ये बुडवून, वीस-वीसच्या लाकडी पेट्यांत भरून ठेवलेल्या. शीतयुद्ध संपलं आणि या पेट्या अमेरिकेत उतरल्या. शंभर डॉलरच्या आत रायफल, वर संगीन आणि तेलाची कुपी फुकट. त्या काळी लोक त्या निवडून न घेताच न्यायचे. आता त्याच रायफलीला कित्येक पट मोजतात आणि "तेव्हा पेटीच का नाही घेतली" म्हणून उसासे टाकतात. १९४२-४३ च्या रायफलींवर घडणीचे ओरखडे तसेच सोडलेले आहेत; जर्मन दारात आलेले असताना घासून गुळगुळीत करायला वेळ कुणाला होता? हे ओरखडे पूर्वी दोष मानले जायचे. आता विकणारा त्यावर बोट ठेवून भाव वाढवतो. फिनलंडने रशियनांकडून जिंकून घेतलेल्या, नव्या नळ्या घालून सुधारलेल्या आणि चौकटीत आपल्या फौजेचं 'एसए' ठोकलेल्या त्याच जातीच्या रायफलींना तर वेगळाच मान. शत्रूने दुरुस्त केलेला माल अधिक चांगला निघावा, ही नामुष्की सोव्हिएत इतिहासात कुठे नोंदलेली नसेल.

अमेरिकन कार्बाइन बघताना मला मात्र मनापासून हसू आलं. दुसऱ्या महायुद्धात ही छोटी रायफल साठ लाखांवर लागली, म्हणून सरकारने मिळेल त्या कारखान्याला कामाला लावलं. आयबीएमने बनवल्या. अंडरवुड या टाइपरायटरवाल्यांनी बनवल्या. नाणं टाकून गाणी वाजवणाऱ्या पेट्या करणाऱ्या रॉक-ओलानेही बनवल्या, आणि या गाण्याच्या पेटीवाल्यांच्या कार्बाइनला आज संग्राहक जास्त पैसे मोजतात. तिची नळी इतरांपेक्षा सरळ असते असं कुणाचंच म्हणणं नाही.

माझी दाद मात्र स्वीडिश लोकांना. १८१४ नंतर युद्ध न केलेल्या या देशाने आपल्या माउझर रायफलीच्या दस्त्यावर एक पितळी चकती बसवली आणि तिच्यावर नळी आतून किती मिलिमीटरची आहे, कितपत झिजली आहे आणि नवी टोकदार गोळी वापरताना नेम किती सरकवायचा, हे सगळं खुणा करून लिहून ठेवलं. विकायच्या वस्तूचे दोष वस्तूवरच, पितळेत कोरून! आमच्याकडे एखाद्या जुन्या स्कूटरवाल्याने असं केलं तर त्याचे नातेवाईक त्याला डॉक्टरकडे नेतील. अर्थात अमेरिकेतल्या विक्रेत्यांनी यावरही मार्ग शोधला आहे. चकत्या सुट्या मिळतात.

स्विस लोक अजून वेगळे. त्यांची १९३१ ची के-३१ ही रायफल आतून घड्याळासारखी आणि बाहेरून रस्त्यावरच्या बाकासारखी. दस्त्याचा खालचा भाग काळा पडलेला, खरचटलेला, बर्फाने आणि खिळेवाल्या बुटांनी खाल्लेला. नवखा लाकूड बघून पुढे जातो. जाणता दस्त्याच्या पत्र्याचे दोन स्क्रू काढतो. कारण पत्र्याखाली पुष्कळदा एक छोटा कागद निघतो आणि त्यावर ज्या शिपायाला ती रायफल दिली होती त्याचं नाव, तुकडी, गाव असतं. काही अमेरिकनांनी अशा पत्त्यांवर पत्रं लिहिली आणि त्यांना स्वित्झर्लंडमधून म्हाताऱ्या शिपायांची उत्तरं आली, फोटोसकट. त्या संपूर्ण हॉलमध्ये रायफल धरणाऱ्या माणसाचा विषय निघाला तो तेवढ्याच टेबलापाशी. नळीच्या दुसऱ्या टोकाला कोण होतं, हा विषय कुठल्याच टेबलाशी निघत नाही. तो निघाला तर विक्री होणार नाही.

जपानी अरिसाकावर सम्राटाचं शेवंतीचं फूल कोरलेलं असायचं. १९४५ च्या शरणागतीनंतर बहुतेक रायफलींवरचं ते घासून टाकलं. ज्यांच्यावर शाबूत आहे त्यांना भाव. आणि लाकूड पट्ट्याखाली करवतीने कापलेलं असेल तर ती अमेरिकन शिपायाने घरी नेताना पिशवीत मावेना म्हणून कापलेली असते. आता हा काप म्हणजे रायफल खरोखर रणांगणावरून आली याचा पुरावा धरतात. इतका, की न कापलेल्या रायफलीबद्दल संशय घेणारे महाभागही भेटतात.

सरकारी मालाच्या दुकानाचा प्रकार अधिक सभ्य आहे. नागरिकांना नेमबाजी शिकवण्यासाठी सरकारने १९०३ पासून चालवलेलं काम १९९६ पासून एक संस्था बघते. अलाबामात ॲनिस्टनला आणि ओहायोत ईरी सरोवराकाठी कॅम्प पेरीला तिचा कारभार आहे. तिथे एम-वन गॅरंड मिळते. जॉन गॅरंडने तयार केलेली, अमेरिकन फौजेने १९३६ साली स्वीकारलेली, साडेचार किलोच्या आसपास वजनाची ही रायफल ग्रीस, डेन्मार्क, फिलिपिन्स, तुर्कस्तान अशा दोस्तांकडे उसनवार जाऊन परत आलेली असते. संस्था नळीचं तोंड आणि मागचा गळा मापाने मोजते, आकडे कागदावर लिहिते आणि त्यानुसार सर्व्हिस, फील्ड, रॅक असे दर्जे लावते. इतकं असूनही लोक ओळीने मांडलेल्या एकाच दर्ज्याच्या रायफलींपुढे तासन्‌तास उभे राहून अक्रोडाच्या लाकडाची नक्षी बघत असतात. घेताना अंगठ्याची परीक्षाही होते. बोल्ट मागे अडकवून क्लिप भरताना हात वेळेवर काढला नाही तर तो अंगठ्यावर आपटतो. 'गॅरंडचा अंगठा' दाखवणं हे तिथल्या जुन्या नेमबाजांचं भूषण आहे. ते सगळ्यांना काळा पडलेला अंगठा दाखवतात, लक्ष्याचा कागद दाखवत नाहीत.

आणि मग एका कोपऱ्यातल्या टेबलावर मला घरचं माणूस भेटलं. थ्री-नॉट-थ्री! तालुक्याच्या ट्रेझरीबाहेर खुर्चीला टेकून उभी असायची तीच. उत्तर प्रदेश पोलिसांनी तर ती २०२० च्या प्रजासत्ताक दिनापर्यंत वापरली आणि त्या दिवशी निरोप दिला. इथे तिच्यावर 'आरएफआय' कोरलेलं होतं, म्हणजे हुगळीकाठचा इशापूरचा कारखाना. शेजारी तिचीच धाकटी बहीण : १९६२ च्या युद्धानंतर ७.६२ काडतुसासाठी इशापूरला बनवलेली. लाकडातून आडवा जाणारा एक स्क्रू तिथले लोक 'इशापोर स्क्रू' म्हणून ओळखतात आणि लाकूड फाटू नये म्हणून हिंदी कारखान्याने केलेल्या या खबरदारीचं कौतुक करतात. माझी छाती फुगली. तेवढ्यात भाच्याने एक तिसरी उचलली, तिच्यावरची 'डीपी' ही अक्षरं बघितली आणि पाल पडल्यासारखी खाली ठेवली. डीपी म्हणजे फक्त कवायतीसाठी, झाडायला नालायक. मी त्याला काही बोललो नाही. कॉलेजात एनसीसीमध्ये मी ज्या रायफलीला खांद्यावर घेऊन छाती काढून चाललो, आणि जिच्या जोरावर त्याच्या मामीवर छाप पाडली, ती डीपीच होती.

त्याच टेबलावर काडतुसांचा डबा होता. म्हाताऱ्या विक्रेत्याने एक उचलून बुडाची अक्षरं माझ्यापुढे धरली : 'के एफ'. खडकी! मुळेकाठची १८६९ सालची ॲम्युनिशन फॅक्टरी. पुण्यात जिच्या पाळीवर निम्मा वाडा जायचा आणि जिच्यात काय बनतं हे विचारायची सोय नव्हती, तिचं उत्पादन मी आयुष्यात पहिल्यांदा हातात धरलं ते ओहायोत. म्हाताऱ्याने ते कानाशी हलवून दाखवलं, पितळेला कुठे चीर नाही हे बघायला सांगितलं आणि बजावलं की यातली टोपीही मीठ सोडणारी, तेव्हा पाणी विसरायचं नाही. मी खडकीचा आहे कळल्यावर त्याला फार आनंद झाला. मी काडतुसांच्या कामावर नव्हतो, बँकेत होतो, हे कळल्यावर तो ओसरला.

हे सगळं विकत घेतल्यावरचा खरा तपास घरी होतो आणि तो घरातली बाई करते. ग्रीस काढायच्या तिथल्या रीती बघा. रायफल काळ्या कचऱ्याच्या पिशवीत गुंडाळून जुलैच्या उन्हात बंद गाडीत ठेवायची, म्हणजे ग्रीस वितळून पिशवीत जमतं. बाथटबमध्ये उभी करून उकळतं पाणी ओतायचं. लाकडाला पडलेले पोचे ओलं फडकं ठेवून वर इस्त्री फिरवली की वाफेने वर येतात. आणि काही धाडसी पुरुष सुटे भाग भांडी धुण्याच्या यंत्रात घालतात. माझी भाचेसून शांत स्वभावाची आहे. ती एवढंच म्हणाली, "मामा, तुम्हीच सांगा, पोह्यांना रशियाचा वास येतो का?" मी खरं सांगितलं. येत होता.

भाचा मात्र कायद्याच्या बाबतीत चोख. पन्नास वर्षं झालेल्या बंदुका जमवणाऱ्यांसाठी तिथे तीन वर्षांना तीस डॉलरचा एक परवाना मिळतो. आलेली-गेलेली प्रत्येक वस्तू त्याला वहीत लिहावी लागते. पन्नाशी उलटलेल्या वस्तूला कायद्याने 'दुर्मीळ' म्हणतात हे ऐकून मला बरं वाटलं. पूर्वी जमवणाऱ्याला वही वगैरे काही नव्हतं. १९६३ साली शिकागोच्या एका दुकानातून दुर्बिणीसकट एक इटालियन कार्कानो टपालाने मागवली गेली. किंमत १९ डॉलर ९५ सेंट, वर टपालखर्च. घेणाऱ्याचं खरं नाव ली हार्वे ऑस्वाल्ड. त्यानंतर केनेडींचं काय झालं हे सर्वांना माहीत आहे, आणि १९६८ च्या कायद्याने टपालाची सोय बंद केली. तेव्हापासून आयात करणाऱ्याचं नाव धातूवर ठोकावं लागतं. संग्राहक या शिक्क्याने कळवळतात. सुंदर वस्तू विद्रूप केली म्हणतात. मला विचाराल तर त्या हॉलमधल्या सगळ्या खुणांत शंका घेण्यासारखं काहीच नसलेली तेवढी एकच खूण होती.

माझा निकाल सरळ आहे. नळी आधी, गुटक्या नंतर, नंबर त्यानंतर, लाकूड सर्वांत शेवटी आणि गोष्ट मुळीच नाही. भाच्याला हा निकाल मान्य आहे. परवा त्याने पाठवलेल्या फोटोत नवीन रायफल आहे : आतून काळी, नंबर न जुळणारी, अक्रोडाचं लाकूड मात्र अप्रतिम. सोबत विक्रेत्याने सांगितलेली नॉर्मंडीची गोष्टही लिहून पाठवली आहे.

तुमच्यापैकी कुणाचा भाचा, पुतण्या, जावई असा हॉल दाखवायला घेऊन गेला तर जरूर जा. नळ्या बघा, हुंगा, वाळवलेलं मांस चालत असेल तर तेही खा. फक्त एक करा. म्हातारे विक्रेते फार प्रेमळ असतात, गाव कळलं की 'के एफ' चं एखादं काडतूस आठवण म्हणून खिशात सारतात. ते तिथेच परत द्या. परवान्याशिवाय एक जिवंत काडतूस सामानात सापडलं तरी मुंबईच्या विमानतळावर शस्त्र कायद्याखाली गुन्हा दाखल होतो आणि "साहेब, हे मूळचं खडकीचंच आहे" हा बचाव तिथे चालत नाही. परतीच्या आदल्या रात्री कोटाचे सगळे खिसे उलटे करून बघा.